चपलेचं गाणं, चार आवाजांत

नांदेड-लातूरकडे लोक कशासाठी जातात ते मला माहीत आहे. कोणी दर्शनाला जातं, कोणी मुलाला क्लासला घालायला, कोणी सोयाबीनचा भाव बघायला. आम्ही चौघं नगरहून तिकडे गेलो ते एका हरवलेल्या चपलेचं गाणं म्हणायला. परत आल्यापासून आमच्या मंडळीत मला दोनच प्रश्न विचारतात. खरंच म्हटलंत का, आणि कशाला म्हटलंत. पहिल्याचं उत्तर ‘हो’ एवढंच आहे. दुसऱ्यासाठी हे लिहिते आहे.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मनोरमाबाई आमच्या गायकवृंदाच्या प्रमुख. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या, रविवारी मंदिरात ऑर्गन वाजवतात. चर्चला आमच्याकडे मंदिरच म्हणतात आणि तिथे जमणाऱ्या समाजाला मंडळी. सगळ्यात वरचा आवाज त्यांचा. त्याखालचा आल्टो माझा. तिसरा, म्हणजे टेनर, वसंतचा. तो मिशनच्या शाळेत गणित शिकवतो. सगळ्यात खालचा, म्हणजे बेस, डॅनियलचा. डॅनियलचं गॅरेज आहे आणि प्रवासाला गाडीही त्याचीच होती. चार आवाजांना चार माणसं, त्यामुळे एक गळलं की गाणं लंगडं होणार हे उघड होतं.

गाणं मनोरमाबाईंनी बसवलेलं. उपासना संपत आली की कमिटीतलं कोणीतरी उठून सूचना वाचतं, हे सगळ्या मंडळ्यांत सारखंच. मनोरमाबाईंनी त्यातली एक सूचना घेतली आणि तिला अगदी शुभ शुक्रवारी शोभेल अशी संथ, जड चाल लावली. ‘गेल्या रविवारी, उपासनेनंतर, डाव्या पायाची, तपकिरी रंगाची, चप्पल कोणीतरी घालून गेले आहे.’ ‘घालून’ या शब्दावर बेस आवाज इतका खाली जातो, की वाटतं आता कोणाचं तरी दफन आहे. मग एकेक आवाज उठतो. ‘मी नाही, मी नाही, त्यांच्या घरी पाहा.’ प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो, चौघं एकमेकांत गुंतत जातात आणि शेवटी सगळे मिळून, हात जोडल्यासारखं म्हणतात, ‘कृपया आणून ठेवावी.’

नव्या वर्षाच्या सुरुवातीला नांदेड, धर्माबाद आणि लातूरच्या मंडळ्यांनी आम्हाला गायला बोलावलं होतं. कार्यक्रमात उपासनेची गाणी होती आणि सगळ्यात शेवटी हे.

नांदेड

गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मंदिर एका बोळात, शेजारी वेल्डिंगचं दुकान. आमच्याकडे बाक असतात, इथे सतरंज्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, आणि मधल्या वाटेवर ढोलकी, झांजा, पेटी. आमच्याकडे चपलांसाठी निदान फळी असते. इथे पायरीशी ढीग होता.

त्यामुळे गाणं सुरू झालं आणि ‘डाव्या पायाची’ येईपर्यंत लोक दाराकडे बघायला लागले होते. ‘मी नाही’ला पहिल्या ओळीतल्या बाईंनी पदर तोंडात धरला. मागे कोणीतरी म्हणालं, “ही तर आपलीच कमिटी हाय,” आणि मग सगळं मंदिर हसलं. मी इतक्या वर्षांत असं हसू मंदिरात ऐकलं नव्हतं. लोक हसता हसता हलके होत होते, हे समोरून दिसत होतं.

कार्यक्रमानंतर खरंच डॅनियलची चप्पल गेली. कोणीतरी चुकून घालून गेलं होतं. त्याने ढिगातल्या उरलेल्या जोडाकडे पाहिलं, त्यात पाय बसेना. शेवटी वेल्डिंगवाल्याने दिलेल्या रबरी सपाता घालून तो जेवायला आला.

जेवणाच्या ठिकाणी तिथल्या कमिटीचे सेक्रेटरी आमची वाट बघत उभे होते. उंच, इस्त्रीचा सफारी, आवाज बारीक. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी ताटात वाढून झाली होती. त्यांनी आम्हाला बसू दिलं नाही.

“मनोरमाबाई, प्रभुभोजनाच्या रात्री येशू म्हणतो, तुमच्यातलाच एक मला धरून देईल, तेव्हा शिष्य एकेक करून विचारतात, मी तर नाही ना. तुमच्या गाण्यात तेच आहे. तुम्ही पवित्र शास्त्राची चेष्टा केलीत.”

मला वाटलं त्या नाही म्हणतील. नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

“तेच आहे,” त्या म्हणाल्या. “ते वाचतानाच मला सुचलं. धनी समोर बसलाय, त्याचं उद्या काय होणार याची काळजी नाही, आधी आपलं नाव त्यातून काढून घ्यायची घाई. आम्हीही तसेच आहोत. चप्पल असो नाहीतर काहीही असो. हसू आलं ते आमचं आम्हालाच आलं, प्रभूला कोणी हसलं नाही.”

“देवाच्या घरात हसणं आणायचं नसतं.”

“मग सूचना वाचणं बंद करा,” डॅनियल म्हणाला. मनोरमाबाईंनी त्याला हाताने गप्प केलं.

सेक्रेटरी जेवले नाहीत. आम्ही जेवलो. आमटी तिखट होती आणि फार चांगली होती, आणि मी रागाने एक भाकरी जास्त खाल्ली.

धर्माबाद

सकाळी निघायच्या आत धर्माबादच्या धर्मगुरूंचा, म्हणजे पाळकसाहेबांचा, फोन आला. नांदेडहून त्यांना सगळं कळलं होतं. “या, नक्की या, पण ते गाणं तेवढं सोडा.” आवाज अवघडलेला होता. मनोरमाबाई हो म्हणाल्या.

धर्माबादला मिरची गावाच्या आधी येते. नवीन आवक सुरू झाली होती, रस्त्याकडेला लाल पोती, आणि गाडीच्या काचा लावूनही डोळ्यांतून पाणी. दुकानांच्या पाट्या मराठीत आणि तेलुगूत. चहावाला गिऱ्हाइकाशी तेलुगू, बायकोशी मराठी आणि आमच्याशी हिंदी बोलत होता. त्याच्या चहालाही मिरचीचा वास होता.

मंदिर बाजारामागेच. आम्ही सगळ्यात गंभीर गाणं आधी घेतलं. त्यात एका जागी चौघंही थांबतात, दोन श्वासांची पूर्ण शांतता असते, मग बेस एकटा उचलतो. त्या शांततेत डॅनियल शिंकला. नुसता शिंकला असता तर चाललं असतं, पण तो सुरात शिंकला. त्याच्यामागे वसंत, मग पहिल्या ओळीतले दोघं आणि शेवटी स्वतः पाळकसाहेब. लोक आवरत होते, खांदे हलत होते, आणि मग पाळकसाहेबांनाच हसू फुटलं. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि आम्हाला हाताने खूण केली, परत सुरू करा.

कार्यक्रम संपल्यावर एक आजीबाई मनोरमाबाईंजवळ आल्या. “ते चपलेचं कवा म्हनता? माझी भाची नांदेडला ऐकून आली. म्हनली, मावशे, लई हसलो.”

“ते आज नाही, आजी.”

“का गं माय?”

मनोरमाबाई गाण्याच्या वह्या गोळा करायला लागल्या. आजीबाई थोडा वेळ वाट बघून निघून गेल्या.

गाडीत बसल्यावर मनोरमाबाई म्हणाल्या, “त्या माणसाने शिंक माफ केली. शिंक काय आम्ही ठरवून आणली होती? मग जे ठरवून, मेहनत करून आणलं, त्याला का भ्यायचं? आज मी भ्याले. लातूरला गाणं होणार. ज्याला नको असेल त्याने आत्ताच सांगा.”

डॅनियलने गाडी सुरू केली. वसंत खिडकीबाहेर बघत होता.

देवणी

देवणीला डॅनियलची बहीण रूथ राहते. बिलोली, देगलूर करत उदगीरला पोचलो तेव्हा वसंतने गाडी स्टँडजवळ थांबवायला लावली. त्याच्या शाळेतून सकाळपासून चार वेळा फोन येऊन गेला होता. शाळा आमच्याच मंडळीच्या ताब्यात, गाण्याची बातमी तिथवर पोचलेली, आणि त्याची नोकरी अजून कायम झालेली नाही.

“मला जावं लागेल, बाई.”

“जा,” मनोरमाबाई म्हणाल्या. “घरी पोचलास की कळव.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. माझा त्याच्यावर राग नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. थोडा आहे. त्याची मुलगी लहान आहे, हप्ते आहेत, सगळं मला माहीत आहे, तरी आहे. त्याने बॅग घेतली आणि तो एसटीच्या गर्दीत मिसळला. आम्ही तिघं देवणीकडे निघालो, चौथा आवाज नसलेलं गाणं घेऊन.

दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या होती. आमच्या नगरकडे हा सण कोणाला ठाऊक नाही. इकडे त्या दिवशी गावंच्या गावं रानात जातात आणि रस्ते ओस पडतात. रूथच्या शेजारी कमलबाई म्हणून आहेत, घरची शेती, दावणीला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी गाय. त्यांनी आम्हालाही ओढून नेलं. शेतात कडब्याची खोप, खोपीत पांडवांची पूजा. आपण ख्रिस्ती आहोत तर कुठे उभं राहावं, असा विचार मी करत होते. कमलबाईंनी माझ्या हातात आंबिलाचा गडू दिला आणि प्रश्न सुटला. नंतर भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी. भज्जीत किती प्रकारचे हिरवे दाणे होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पिकाभोवती आंबील शिंपडत पुरुष एक आरोळी देत फिरत होते. अर्थ विचारला तर तिघांनी तीन सांगितले आणि चौथा म्हणाला, कानडी असंल, वरडायला बरं वाटतंय.

जेवणं झाल्यावर आम्ही बाजूला बाभळीखाली तालमीला बसलो. टेनरशिवाय कसं भागवायचं ते बघत होतो. डॅनियल वर जाऊन बघे, त्याला झेपेना. मी खाली जाऊन बघे, माझा आवाज हरवे. पाच-सहा वेळा तेच झालं. कमलबाई भांडी घासता घासता ऐकत होत्या.

“बाई, काय करायलाव तुमी?” त्या म्हणाल्या. “मदला आवाज गेला व्हय?”

“टेनर म्हणतात त्याला. पुरुषाचा असतो.”

“मला भजनात बापयाच्याच पट्टीत बसवतेत. बारक्या आवाजात गायाचं म्हनलं की मला शिंगराच्या खिंकाळ्यावानी होतंय. गाऊन दावा की, कसं हाय ते.”

मनोरमाबाईंनी टेनरची ओळ गाऊन दाखवली. कमलबाईंनी राखेचे हात लुगड्याला पुसले आणि म्हटली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा मधेच त्यांना हसू आलं, कारण शब्द तेव्हा कानावर नीट गेले. “आमच्या सप्त्यात बी असंच असतंय. समदे म्हनतेत, आमी न्हाई, आमी न्हाई. आन् चपला तर दर साली जातेत.” तिसऱ्यांदा ती ओळ बसली. जाड, खरखरीत आवाज, रानात लांबवर जाणारा. चौघांचा पहिला मेळ लागला तेव्हा रानात आणलेली त्यांची गाय मान वळवून बघत होती.

मनोरमाबाईंनी त्यांना सरळ विचारलं, “उद्या लातूरला याल? मंदिरात गायचंय. काही लोकांना गाणं नको आहे. बोलतील.”

“मी भजनात उबी ऱ्हायले तवा आमच्या भावकीनं बी लई बोलून घेतलं,” कमलबाई म्हणाल्या. “येते की. मालकाला इचारते. न्हाई म्हनले तरी येते.”

मालकांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, जेवायला देतील ना तिथं.

लातूर

लातूरला तिथले सेक्रेटरी फाटकाशीच भेटले. हे सेक्रेटरी वेगळे, मवाळ, चष्मा घामाने घसरणारा माणूस. त्यांच्या हातात छापलेली कार्यक्रमपत्रिका होती आणि तिच्यात आमचं शेवटचं गाणं नव्हतं.

“ताई, बाकी सगळं म्हणा. एवढं एक गाळा. वरून निरोप आलाय. तुम्ही जाल उद्या, मला इथंच राहायचंय.”

मनोरमाबाईंना त्यांची दया आली असावी. “तुम्ही मला अडवलं होतं आणि मी ऐकलं नाही, असं सांगा. मी साक्ष देईन. लेखी देईन हवं तर.”

“आणि ह्या कोण?” त्यांनी कमलबाईंकडे बघून विचारलं. हिरवं लुगडं, कपाळावर ठळक कुंकू.

“टेनर,” मनोरमाबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मंदिर भरलेलं होतं. पत्रिकेतली सगळी गाणी झाली. कमलबाई तोवर बायकांत, सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. सेक्रेटरी आभार मानायला उठले. त्यांच्या आधी मनोरमाबाई माईकपुढे गेल्या.

“अजून एक गाणं आहे. ते पत्रिकेत नाही. नांदेडच्या एका भावाला ते आवडलं नाही. ते आमच्यावर आहे, या चौघांवर. तुम्हाला त्यात स्वतःचं कोणी सापडलं तर—”

एवढ्यावर माईक बंद झाला. कोपऱ्यात बटणांजवळ कोणीतरी उभं होतं. कोण होतं ते मी बघितलं नाही, बघायचंही नव्हतं. मनोरमाबाईंनी माईक बाजूला सरकवला. माईक नव्हते तेव्हाही लोक चार आवाजांत गात होते. त्यांनी कमलबाईंना हाक मारली. कमलबाई उठल्या, माणसांतून वाट काढत आल्या आणि डॅनियलशेजारी उभ्या राहिल्या. मागचे लोक ऐकू यावं म्हणून पुढे सरकले. सतरंज्या गोळा झाल्या, बायका-पुरुषांची मधली वाट बुजली.

मी घाबरले होते. आल्टोचा पहिला सूर लागतो की नाही, असं वाटत होतं. मग डॅनियलने ‘घालून’ म्हटलं, जमिनीखालून आल्यासारखं, आणि समोर कोणाला तरी हसू फुटलं. मागच्या बाजूने सात-आठ जण उठून निघून गेले. त्यातल्या एकाने जाताना दार आपटलं. ते दार बरोबर ठेक्यावर आपटलं. मग लोकांना आवरेना. ‘मी नाही’ला कमलबाई आल्या तेव्हा त्यांनी ठरलेले शब्द सोडले आणि आपल्या भाषेत म्हटलं, “म्या न्हाई, म्या न्हाई, त्येच्या घरी बगा.” सूर तसूभर हलला नाही. त्यांनी हात करून डॅनियलकडे दाखवलं, डॅनियलने माझ्याकडे, मी मनोरमाबाईंकडे, आणि मनोरमाबाईंनी, जे तालमीत कधी नव्हतं, सावकाश बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

हसणं थांबलं. अगदी एकदम. ‘कृपया आणून ठेवावी’ आम्ही त्या शांततेत म्हटलं. तिथले पाळकसाहेब गाणंभर हसले नव्हते. ते उठून प्रार्थनेला उभे राहिले, आणि नेहमीची प्रार्थना न करता म्हणाले, “हे प्रभू, जे आमच्याकडे दुसऱ्याचं आहे, ते परत द्यायची आम्हाला लाज वाटते.” एवढंच म्हणून ते खाली बसले.

जेवायला दिलं. कमलबाईंनी मालकांना फोन करून तसं सांगितलं. चष्मेवाले सेक्रेटरी वाढत होते. माझ्या ताटात धपाटं टाकताना हळूच म्हणाले, “मी तुम्हाला अडवलं होतं, लक्षात ठेवा.”

“हो. फार अडवलंत,” मी म्हणाले.

मुरुड

कमलबाईंना सकाळी देवणीच्या गाडीत बसवून आम्ही मुरुडच्या रस्त्याला लागलो. बाजाराचा दिवस होता. मुरुडला चहा-भज्यासाठी थांबलो, तिथे मनोरमाबाईंच्या फोनवर आमच्या नगरच्या कमिटीचं पत्र आलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि मग आम्हाला वाचून दाखवलं. पुढचं कळवेपर्यंत ऑर्गनला हात लावायचा नाही. गायकवृंदाचं काम दुसऱ्याकडे. आणि सोबत जोडलेला माफीनामा येत्या रविवारी मंडळीपुढे सादर करावा.

डॅनियल चिडला. असल्या मंडळीत पाऊल ठेवणार नाही म्हणाला. मी रडले, खोटं कशाला सांगू. वीस वर्षं त्या ऑर्गनशेजारी उभी राहिले आहे.

मनोरमाबाई पत्र पुन्हा वाचत होत्या. “सादर करावा, असंच लिहिलंय ना?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“वाचावा, असं नाही?”

“नाही.”

त्यांनी भज्याचा कागद उलटा केला, माझ्याकडे पेन मागितलं आणि सूर लिहायच्या पाच रेघा मारल्या.

घरी

रविवारी आम्ही तिघं उभे राहिलो. वसंत तिसऱ्या बाकावर होता, मुलगी मांडीवर. तो उठला नाही. त्याची जागा मनोरमाबाईंनी मुद्दाम मोकळी ठेवली होती, तिथे मेळात एक भोक पडायचं आणि ते कानाला बोचायचं.

शब्द सगळे कमिटीचे होते, काना-मात्रेचा फरक नाही. ‘माझ्या हातून उपासनेच्या गांभीर्यास बाधा आली, याबद्दल मी मंडळीची बिनशर्त क्षमा मागते.’ चाल इतकी संथ, इतकी गंभीर, की तीत कोणालाही दोष काढता आला नसता. ‘बाधा’वर डॅनियल खाली खाली गेला. ‘बिनशर्त’ हा शब्द मी आणि मनोरमाबाई एकमेकींना देत राहिलो, तो संपेचना. कमिटीचे अध्यक्ष समोर ताठ बसले होते. मागे कोणाचा तरी श्वास अडकत होता. कोणी हसलं नाही. सगळे हसू दाबून बसले होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं दिसत होतं.

‘क्षमा मागते’ आम्ही अगदी हळू, विझत जाईल असं म्हटलं. गंभीर गाणं संपलं की ‘तसंच होवो’ या अर्थाने जे म्हणायचं ते सवयीने अख्ख्या मंडळीने म्हटलं, “आमेन.” कमिटीच्या रांगेनेही म्हटलं, खणखणीत. म्हणून झाल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.